सोळावा फोन

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. तू बरी असशील, दादाचा गुडघा त्याला जिना चढू देत असेल आणि तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा ऐन गर्दीत तुटला नसेल, अशी आशा करते. अकरा वर्षांनी पत्र लिहिते आहे. नमनाला घडाभर तेल घालत नाही, कारण बातमी पोटात ठेवणं मला जमत नाहीये.

खरं तर बातम्या दोन आहेत. धाकटी आधी सांगते. मी प्राध्यापक झाले. दारावर पितळी पाटी लागणार आहे आणि चोवीस तारखेला मोठ्या सभागृहात माझं व्याख्यान आहे. नव्या प्राध्यापकाने आपलं आयुष्यभराचं काम तासाभरात सांगायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. विषय अर्थात माझाच, सत्तरीनंतरचं ताट. तू मला ‘मास्तरीणबाई’ म्हणून चिडवायचीस, आता ‘मोठ्या मास्तरीणबाई’ म्हणावं लागेल. पोषण आणि सुदृढ म्हातारपण यांवर छत्तीस निबंध लिहिलेली ही बाई दुपारी संगणकासमोर उभ्याउभ्या बिस्किटं खाते, हे मात्र सभागृहात सांगणार नाही.

आता थोरली बातमी. तुझी गल्ली खरी निघाली.

एवढं लिहून मी खुर्चीतून उठले आणि खोलीत दोन फेऱ्या मारून आले. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे शोभत नाही, पण दुसरं काय करावं सुचेना.

सगळं नीट सांगते. बारा वस्त्या, सहाशे चाळीस म्हातारी माणसं, तीन वर्षं, दर तीन महिन्यांनी एक भेट. वजन घ्यायचं, मुठीची ताकद मोजायची, हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगायचं, पोटरीचा घेर घ्यायचा आणि काल दिवसभरात काय खाल्लं ते लिहून घ्यायचं. सुरुवातीलाच माझ्या दोन कार्यकर्त्या काम सोडून गेल्या तेव्हा मी तुला गळ घातली, आणि तू मशीनवर कापड टाकून, गळ्यात स्वतःची टेप घालून हजर झालीस. पहिल्याच दिवशी विचारलंस, “पोटरी कशाला मोजायची? पायजमे शिवून द्यायचेत का त्यांना?” मी म्हटलं, म्हातारपणी मांस झडायला लागलं की ते पोटरीत आधी दिसतं. त्यावर तू म्हणालीस, “ते मला नको शिकवूस. माणसाला कपडे सैल व्हायला लागले की शिंप्याला डॉक्टरच्या आधी कळतं.”

पुढे सगळ्या वस्त्यांत माणसं थोडी थोडी झडत गेली. तुझ्याकडे दिलेल्या बाराव्या वस्तीतली, म्हणजे तुझ्या गल्लीतली, बत्तीस माणसं मात्र झडेनात. काहींचं तर वजन वाढलं. शिवाय तुझे पोटरीचे आकडे सगळे पूर्णावर नाहीतर अर्ध्यावर, एकतीस, साडेएकतीस, बत्तीस सेंटिमीटर. आमच्या धंद्यात असे गोल आकडे दिसले की पहिला संशय एकच येतो, की हे तक्ते घरी बसून भरलेत. शिंपी अर्ध्याच्या खाली मोजतच नाही, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मग पडताळणीचे फोन. बत्तीसपैकी सोळा घरांना मी स्वतः फोन लावले, दुपारी साडेबारा ते दीडच्या मध्ये, कारण त्या वेळी म्हातारी माणसं हमखास घरी असतात असं आमच्या नियमांतच लिहिलेलं आहे. सोळाच्या सोळा फोन कुणी उचलले नाहीत. ही माणसंच नाहीत, असा मी त्याचा अर्थ काढला. तुझी गल्ली वगळली. निबंध छापून आला आणि गाजला. सत्तरीनंतर मांस झडणं अटळ आहे, फार तर त्याचा वेग कमी करता येतो, असं मी त्यात म्हटलं. तू काम सोडलंस, दादाने बदली मागून घेतली, आणि मग आपण दोघी बोललो नाही.

आता गंमत ऐक. आमच्याकडे एक फिजिओथेरपिस्ट पंचेचाळिसाव्या वर्षी पीएचडीला आली आहे. तिला सगळे वादळ म्हणतात आणि ते कमीच आहे. जुन्या यादीतली किती माणसं आज आपल्या पायांवर चालतात, एवढं शोधायचं तिचं काम. कोठारातून तिने बाराच्या बारा खोकी उचलली. तुझ्या खोक्यावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी होती, पण ती बाजू भिंतीकडे होती. गेल्या मंगळवारी दुपारी चार वाजता बाई माझ्या खोलीत आल्या.

“मॅडम, बाराव्या खोक्यातल्या माणसांनी मला जेवायला बसवलं.”

“बारावं खोकं? अगं, ती माणसं नाहीत.”

“नाहीत कशी? ताटात काही टाकलंस तर बघ, असा त्यांतल्या एकाने मला दम भरला.”

बत्तीसपैकी एकवीस हयात आहेत, वहिनी, आणि त्यांतले एकोणीस स्वतःच्या पायांनी चालतात. बाकीच्या वस्त्यांत त्याच वयाची निम्मीसुद्धा उरली नाहीत आणि उरलेल्यांतली बरीच पलंगावर आहेत. एका गल्लीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी ओरडत आले आहे. तरी मंगळवारपासून मला नीट जेवण जात नाहीये.

गुरुवारी मी स्वतः गेले. बंद पडलेल्या छापखान्याचा तळमजला. तीन टेबलं एकाला एक जोडलेली, मधलं बुटकं म्हणून त्याच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे. वर चिंध्यांचा जोडलेला लांबलचक टेबलक्लॉथ. त्याची दुमड मी ओळखली. अशी बारीक दुमड तूच घालतेस. भिंतीवर घड्याळ आणि त्याखाली पुठ्ठ्यावर नियम, तोही तुझ्याच अक्षरात, “साडेबाराला ताट. पाऊण वाजेपर्यंत जो आला नाही, त्याच्या दारावर कुणीतरी थाप मारायची.” सूप, अंडं, भाजी, दूध, त्यांत विशेष काही नाही. पण कुणी बोलण्याच्या नादात खायचं विसरलं, तर शेजारचा कोपरखळी मारतो. टेबलाच्या टोकाला एक निवृत्त बसचालक बसतात. त्यांना सगळे हॉर्न म्हणतात, कारण ते ओरडले की गल्ली गोळा होते. सुरुवात कशी झाली ते त्यांनीच सांगितलं. एका विधुराला तू विचारलंस, काल काय खाल्लं. तो म्हणाला, चहा, पाव, चहा. तीन महिन्यांनी पुन्हा चहा, पाव, चहा. तिसऱ्या खेपेला तू तक्ता मिटलास आणि त्याच्या दंडाला धरून त्याला समोरच्या घरी जेवायला नेलंस.

म्हणजे मी फोन करत होते तेव्हा सगळे टेबलाशी होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चूक तुझी नव्हती, माझीही म्हणता येणार नाही. चूक वेळेची होती.

चोवीस तारखेला ये. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुझ्यासाठी ठेवली आहे. तुझी गल्ली मी व्याख्यानात घालणार आहे आणि पुढचा मोठा अभ्यास तिच्यावरच उभा करायचा माझा बेत आहे. त्यावर तुझंही नाव असेल. मग आपण दोघी मिळून कुणीतरी नीट शिजवलेलं काहीतरी बसून खाऊ.

दादाला नमस्कार. उत्तराची वाट बघते.

तुझी नणंद,
(आता प्राध्यापक)


१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुझं कार्ड आज सकाळी मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि आनंदाने जिन्यातच वाचायला घेतलं. वाचायला फार वेळ लागला नाही, एकच ओळ होती.

“सोळाच्या सोळा?”

मी तिथेच पायरीवर बसले. वरून उतरणाऱ्या कारकुनाने विचारलं, “मॅडम, चक्कर आली का?” मी म्हटलं, हो. तेच सोपं होतं.

म्हणजे तुला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं आणि तू कुणाजवळ बोलली नाहीस. दादाजवळही नाही, कारण त्याला कळलं असतं तर त्याने माझ्या वाढदिवसाला फोन केला नसता. पहिल्या पत्रात मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. आता भांडं पुढे ठेवते.

पंधरा फोन कुणी उचलले नाहीत. सोळावा उचलला. एक बाई होत्या, पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून घरी राहिलेल्या. मी विचारलं, “तुमच्याकडे दर तीन महिन्यांनी कुणी वजन करायला येतं का?” त्या म्हणाल्या, “दर तीन महिन्यांनी कशाला, ती रोजच येते. सगळे जेवायला गेलेत. माझं ताट ती आता वर घेऊन येईल. तुम्ही थांबा की फोनवर, तिच्याशीच बोला.” जिन्यावर पावलं वाजलेली मला ऐकू आली, वहिनी. मी फोन ठेवला. यादीत सोळाव्या नावापुढे मी लिहिलं, ‘संपर्क नाही’.

त्या आजींनी तुला त्याच दिवशी सांगितलं असणार. ताट खाली ठेवता ठेवता तू विचारलं असशील, कुणाचा फोन होता.

का लिहिलं, तेही सांगते. शुक्रवारी निबंध पाठवायचा होता, हे खरं आहे, पण कारण ते नव्हे. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. तू माणसांना जेवायला एकत्र बसवत होतीस. मी तुला पहिल्या दिवशी बजावलं होतं, आपलं काम मोजायचं, बदलायचं नाही. तू बदललंस. मग तुझी गल्ली माझ्या हिशोबातून वगळायलाच हवी होती. ते शास्त्राला धरूनच होतं आणि त्यात तुला कमीपणा नव्हता. पण कारण द्यावं लागलं असतं. ‘कार्यकर्तीने अभ्यास बदलला आणि प्रमुखाला तीन वर्षं पत्ता नव्हता’, असं लिहिलं असतं तर बोट माझ्याकडे आलं असतं. ‘कार्यकर्तीने नोंदी बनावट केल्या’, असं लिहिलं तर ते तुझ्याकडे जात होतं. दोन वाक्यांत मी माझ्या सोयीचं वाक्य निवडलं. ते पत्र तुझ्या फायलीत गेलं. पुढे तू इस्पितळाच्या स्वयंपाकघरात देखरेखीच्या जागेसाठी अर्ज केलास, तेव्हा तेच पत्र तिथे पोहोचलं. हे मला त्याच वर्षी कळलं होतं. तेही मी गिळलं.

तू निघताना एवढंच म्हणाली होतीस, “एकदा येऊन तर बघ.” मी म्हटलं होतं, वेळ नाही. मला वेळ होता. मी आले असते तर टेबल दिसलं असतं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. माझी खवखव म्हणजे ती उभ्याने खाल्लेली बिस्किटं असावीत. गेली अकरा वर्षं साडेबारा वाजले की मला कुणाबरोबर जेवायला बसवत नाही. मी समजत होते, कामामुळे.

हे पत्र पेटीत टाकण्याआधी मी दोन पत्रं दिली आहेत. एक त्या नियतकालिकाला, निबंध मागे घ्यावा म्हणून. एक संचालकांना, तुझ्या फायलीतलं पत्र खोटं होतं आणि ते मी लिहिलं होतं म्हणून. संचालकांनी ते माझ्यासमोर दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, “बाई, पाटी तयार होऊन आली आहे हो.” मी म्हटलं, राहू द्या तुमच्याकडेच. विश्वास ठेव, बाहेर आल्यावर मला कडकडून भूक लागली. कॅन्टीनमध्ये जाऊन मी बसून जेवले. समोर एक अनोळखी माळी होता. त्याने मला मीठ दिलं.

खुर्ची ठेवलेलीच आहे. ये असं म्हणायचा हक्क मी पहिल्या पत्रात घालवला, म्हणून म्हणत नाही.

तुझी नणंद


२६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. सोबत एक कागद जोडला आहे, तो आधी वाच. शिक्का खरा आहे. ‘सदर कार्यकर्तीच्या सर्व नोंदी खऱ्या होत्या’, असं त्यात लिहिलं आहे. मूळ तुझ्या फायलीत गेला आणि एक प्रत त्या इस्पितळात. उशीर झाला आहे, हे मला कळतं.

आता परवाचं सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

प्राध्यापकपद समितीपुढे अडकलं आहे. मिळेल किंवा नाही, पण संचालक म्हणाले, निमंत्रणं गेली आहेत, तेव्हा साधं व्याख्यान म्हणून बोला. सभागृह अर्धं रिकामं होतं. माझ्या निबंधाची बातमी आमच्याकडे वाऱ्यासारखी पसरली होती. पण अकराला पाच मिनिटं कमी असताना मागचं दार उघडलं आणि तुझी गल्ली आत आली. चौदा जण. वादळाने बस ठरवली होती. एकमेकांच्या हाताला धरून ती माणसं पायऱ्या उतरली आणि माझ्या डोळ्यांसमोर आकडे नाचायला लागले, वय शहाऐंशी, वय पंच्याऐंशी, वय सत्त्याऐंशी, चाल उत्तम. प्लास्टरवाल्या आजी आता एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांनी काठी आणली होती, पण ती बहुधा लोकांना बाजूला सारायला.

मी छत्तीस निबंधांतला एकही सांगितला नाही. सोळाव्या फोनपासून सुरुवात केली. माझ्या यादीचं पान पडद्यावर दाखवलं, माझ्या अक्षरातलं ‘संपर्क नाही’ मोठं करून. मग सांगितलं, की काय खाल्लं हे आपण तीस वर्षं विचारतो आहोत, कुणाबरोबर खाल्लं हा रकाना आपल्या तक्त्यात नाही. तो एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आपल्या खर्चाने भरला आणि मी तिला खोटी ठरवलं. एवढं म्हणून मी खाली बसणार होते, तर आजी उठल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “म्हणजे फोन ठेवणारी तूच का ती? मला वाटलं लाइन गेली.” सगळं सभागृह हसलं. मीही हसले, आणि मग मला रडू आवरेना. आजी म्हणाल्या, “रडून झालं की जेवायला चल. आज सूप आहे.”

निघताना हॉर्न पहिल्या रांगेपाशी थांबले. गल्लीने भरलेल्या त्या रांगेत व्याख्यानभर ती एकच खुर्ची रिकामी राहिली होती, त्यावर माझ्या हाताने लिहिलेला कागद, ‘राखीव’.

“ही कुणाची?”

मी तुझं नाव सांगितलं.

“ती आली नाही?”

“नाही.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून, आवाज अजिबात न चढवता विचारलं, “मग थाप मारायला कोण गेलं?”

अकरा वर्षं कुणीच गेलं नव्हतं, वहिनी. थाप मारायचा तुझा तो नियम एका वाक्याचा आहे आणि त्यात ‘तिने आधी माफ केलं तर’ असं कुठेही लिहिलेलं नाही.

म्हणून मी रविवारी पहाटेच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. पदाचं काय होतं ते होवो. दादाला कळवलेलं नाही, तू हवं तर कळव. बरोबर काही आणत नाही, फक्त बारावं खोकं आणते, ते तुझं आहे. वाटलं तर दार उघड, वाटलं तर नको उघडूस. मी पायरीवर बसेन, डबा आणला असेल, पण तो उघडणार नाही. एकटीने जेवायचं नाही, एवढं मी आता शिकले आहे.

रविवारी, पाऊण वाजता, एकच थाप.

जिने फोन ठेवला, ती तुझी
नणंद